आक्षेपार्ह काही नाही

शब्दांमध्ये साम्राज्यं उलथवून टाकण्याची ताकद असते. हे वाक्य मी निदान तीन-चार दिवाळी अंकांतून लिहिलं आणि दर वेळी लिहून झाल्यावर माझ्याच अंगावर काटा आला. प्रत्यक्षात माझ्या शब्दांनी उलथलेली एकमेव वस्तू म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश सामंत यांच्या हातातली कपबशी. तीही हसून नव्हे, की संतापून नव्हे. माझा लेख वाचता वाचता त्यांचा डोळा लागला होता.

मी व्यंगलेखक होतो. 'होतो' म्हणायचं कारण, ज्या साप्ताहिकात मी दर शनिवारी कुणाची ना कुणाची हजेरी घेत असे ते साप्ताहिक बंद पडलं, आणि मी निवृत्ती घेतली असं सगळ्यांना सांगून टाकलं. माझ्या जाण्याने मराठी विनोदाचं काय नुकसान झालं ते मराठी विनोदालाच ठाऊक. त्याने अजून तक्रार केलेली नाही.

पण एक शल्य राहून गेलं होतं. व्यंगलेखकाची खरी कमाई म्हणजे लोकांचा राग. कुणी धमकी द्यावी, कुणी अंकाची होळी करावी, निदान समोरून येणाऱ्याने आपल्याला पाहून पलीकडचा फुटपाथ धरावा. माझ्या वाट्याला यातलं काहीसुद्धा आलं नाही. एकदा मी एका नगरसेवकाची अशी काही सालटी काढली, की अंक बाहेर पडल्या दिवशी नलिनीने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, दाराला आतून कडी लावून वर खुर्ची टेकवली. दुसऱ्या दिवशी नगरसेवक पेढे घेऊन हजर. लेख त्याने काचेच्या चौकटीत बसवून हॉलमध्ये लावला होता. "आईला फार आवडला," म्हणाला. मी त्याला म्हटलं, "अहो, त्यात मी तुम्हाला गटाराचं झाकण म्हटलंय." तर म्हणाला, "हो, तेच तर तिला आवडलं."

अशा माणसासमोर बोरिवलीच्या मैदानावर एक राज्यमंत्री उठतो, कुठल्याही तयारीशिवाय एक वाक्य बोलतो, आणि सबंध उपनगर पेटून उठतं. तुम्हीच सांगा, माझं काय झालं असेल? जन्मभर बेंडबाज्यात त्रिकोण वाजवणाऱ्या माणसाच्या डोक्यावरून विमान गेल्यावर त्याचं जे होईल, ते झालं. मी आ वासून वर बघत राहिलो.

शहाऐंशी साल असेल, किंवा सत्त्याऐंशी. आमच्या भागात तेव्हा पाणी पहाटे येई आणि उजाडता उजाडता निघून जाई. येई म्हणजे सोसायटीच्या आवारातल्या एकाच नळाला, करंगळीएवढ्या धारेने. वरच्या मजल्यांवर ते चढतच नसे. मग बायका हंडे-कळश्या घेऊन रांग लावत. यावर उपाय म्हणून मैदानाच्या कडेला मोठी टाकी बांधायचं ठरलं आणि तिच्या भूमिपूजनाला मंत्री आले. याच टाकीचं आधी एकदा भूमिपूजन होऊन गेलेलं होतं, पण ती जमीन विसरली असेल म्हणून पुन्हा.

नारळ फुटला, आणि मंत्री माइकवर म्हणाले, "माझ्या भगिनींनो, नळाला पाणी येईलच. पण ते आलं, की तुम्ही एकमेकींशी गप्पा कुठे मारणार? पाण्याची रांग म्हणजे तर तुमची करमणूक."

मी दुसऱ्या ओळीत बसलो होतो. जाणकार म्हणून माझं पहिलं मत असं झालं, की विनोद बेताचा आहे. बांधणी ढिली, शेवट पडेल. मी लिहिलं असतं तर... हे मनात चाललेलं असतानाच माझ्या लक्षात आलं, की मागे काहीतरी झालं आहे. नक्की काय ते सांगता येत नव्हतं. टाळ्या नव्हत्या, आरडाओरडा नव्हता. बायकांच्या बाजूला सगळ्या पदरांची सळसळ थांबली होती. आणि त्या शांततेत आमच्या वरच्या मजल्यावरच्या सुंदराबाई पेंडुरकर सावकाश, अगदी विचारपूस केल्यासारख्या म्हणाल्या, "काय तां बोललो तो?"

सुंदराबाई मालवणकडच्या. यजमान गिरणीत होते. गिरणी बसल्यावर सांताक्रूझला एका कचेरीत लिफ्टवर लागले. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. डोक्यावर हंडा, काखेत कळशी, असं पाणी त्या रोज सकाळी तिथवर चढवत. वाटेत आमचं दार लागायचं आणि "नलिनीवैनी, तुमची एक कळशी ठेवलंय हां" असं म्हणून नलिनीच्या गुडघ्यांवर उपकार करून त्या वर जायच्या. या चढणीत करमणूक नेमकी कुठल्या पायरीवर होते ते त्यांना कळलं नसावं.

संध्याकाळपर्यंत ते वाक्य आमच्या गल्लीतून हमरस्त्यावर आणि रात्रीच्या आत कांदिवलीला पोचलं. माझ्या वाक्याला छापखान्यातून स्टॉलवर यायला आठवडा लागे आणि स्टॉलवर आल्यावर ते तिथेच राही. हे वाक्य कुणी छापलंसुद्धा नव्हतं. भाजीवाली ते सांगत होती, दूधवाला ते सांगत होता. त्यात पाठभेद झाले, तरी जोर कमी झाला नाही. कांदिवलीहून आलेल्या पाहुण्यांनी तर ते मला असं ऐकवलं, की मंत्री जणू हंड्यावरच उभे राहून बोलले होते.

दुसऱ्या दिवशी मंत्र्यांनी खुलासा केला. आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला, आपल्याला स्त्रियांबद्दल नितांत आदर आहे, उलट त्या सकाळी रांगेत असतात म्हणूनच पुरुषांना घरी निवांतपणे पेपर वाचता येतो.

मी पेपर खाली ठेवला. पहिलं वाक्य योगायोग असू शकतं. पण खुलाशात त्याहून वरचा सूर लावणं ही साधना आहे. मी एका टोमण्यासाठी चार-चार दिवस घासत असे, आणि हा मनुष्य चालता चालता, बहुधा पान खाता खाता, अख्ख्या तालुक्याच्या जिव्हारी लागेल असं बोलतो. पुन्हा त्याला आपण काय केलं ते कळतही नाही. यालाच प्रतिभा म्हणत असावेत.

"पेपर वाचून झाला असेल निवांतपणे, तर ही कळशी जरा उचला," नलिनी म्हणाली.

त्या संध्याकाळी गच्चीवर सोसायटीची सभा भरली. विषय एकच, निषेध. निषेध करायचा यावर एकमत होतं, पण तो साधा करावा, तीव्र करावा की अतितीव्र करावा यावर चर्चा लांबली. चंद्रप्रकाश सामंतांचं म्हणणं, आपण मागे गच्चीवर पापड वाळवण्याबद्दल तीव्र निषेध केलेला आहे, तेव्हा मंत्र्याला त्याच दर्जाचा निषेध दिला तर पापडवाल्यांना वाईट वाटेल. पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, मंत्र्याचा पुतळा जाळा. त्यावर कुणीतरी विचारलं, विझवायला पाणी कुठून आणणार? पुतळा रद्द झाला.

शेवटी असं ठरलं, की रविवारी मैदानावर निषेध सभा घ्यायची. बायकांनी रिकामे हंडे घेऊन यायचं. टाकीच्या कामाची तारीख मिळेपर्यंत बसून राहायचं. लाउडस्पीकर गोराईचा हर्बर्ट आणेल. हर्बर्ट लग्नाकार्याला, नाताळला, गणपतीला, सगळ्यांनाच लाउडस्पीकर पुरवी. त्याचे ते दोन कर्णे होडीतून खाडी ओलांडून येत.

"आणि भाषण?" सामंतांनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गच्चीच्या कठड्याकडे पाहिलं. माणसाने अशा वेळी थोडं निरिच्छ दिसावं.

खरं सांगतो. आयुष्यात एकदा, एकदाच, माझं एखादं वाक्य कुणाला तरी खुपावं, कुणीतरी उठून "हे चालणार नाही" म्हणावं, एवढीच माझी इच्छा उरली होती. आणि आता विषय होता, मैदान होतं, समोर सरकार होतं.

घरी आल्यावर नलिनी म्हणाली, "फार काही करू नका. पाणी पाहिजे एवढंच लिहा."

"नलिनी, हे साहित्य आहे."

"मग त्याच्या खाली लिहा."

लाउडस्पीकरच्या परवान्यासाठी, माइकवर जे जे बोलणार त्यांनी आपापला कागद घेऊन यावं असा निरोप होता, म्हणून मी, हर्बर्ट आणि सुंदराबाई असे तिघे चौकीवर गेलो. फौजदार भीमराज साळवे शांत, रुंद, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी आम्हाला बसवलं आणि म्हणाले, "वातावरण तंग आहे. वरून तोंडी हुकूम आहे. सभेत जे बोलायचं ते आधी लिहून दाखवायचं. जे दाखवलं तेवढंच बोलायचं. एक शब्द इकडेतिकडे झाला तर लाउडस्पीकर जप्त."

"म्हणजे भाषणावर बंदी?" मी विचारलं. माझ्या आवाजात आशा होती, ती त्यांना भीती वाटली असावी.

"बंदी नाही हो. नुसतं वाचून बघायचं."

मी माझी पानं पुढे केली. साळवे एकेका शब्दावर बोट ठेवून वाचू लागले. इतक्या लक्षपूर्वक मला कुणी कधी वाचलं नव्हतं. संपादकांनी तर नाहीच. टेबलावर एक लाल पेन्सिल होती. दुसऱ्या पानावर त्यांनी ती उचलली, टोक कागदाला लावलं, आणि मी खुर्चीत पुढे सरकलो. त्यांनी एक सुटलेला अनुस्वार दिला आणि पेन्सिल परत ठेवली.

"आक्षेपार्ह काही नाही," ते म्हणाले.

"नीट वाचलंत ना?"

"वाचलं की."

"तिसऱ्या पानावर मी मंत्र्यांना बुडाला भोक पडलेला हंडा म्हटलं आहे."

"हो. उपमा छान आहे."

"शेवटी त्यांनी राजीनामा द्यावा असं सुचवलेलं आहे."

"सुचवलंय ना. सुचवायला काय." त्यांनी शिक्का मारला. "मोठं भाषण आहे, पण लोक शांत राहतील. सभेला हे चांगलं."

मग त्यांनी हर्बर्टचा कागद घेतला. माइकवरून काय काय बोलणार ते त्याने लिहून आणलं होतं. 'हॅलो, माइक टेस्टिंग,' आणि खाली 'सगळ्यांनी पुढे या.' साळव्यांनी दुसरी ओळ सरळ खोडली.

"पुढे म्हणजे कुठे? पुढे आम्ही उभे असणार."

"सायेब, मागची माणसं पुढं नको यायला? लग्नात पण बोलतो मी असा."

"लग्नात पुढे जेवण असतं. हॅलो बोल, माइक टेस्टिंग बोल, बस."

शेवटी सुंदराबाईंचा कागद. त्यांनी सांगितलेलं एकच वाक्य नलिनीने लिहून दिलं होतं. 'आमच्या नळाला पाणी नाही आणि मंत्र्याच्या बागेत कारंजं उडतं.'

साळव्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. खुर्चीत सरळ झाले.

"कारंजं खरंच आहे?"

"माझो भाचो थंय माळी आसा," सुंदराबाई म्हणाल्या. "रोज तोच सुरू करता."

"मग तर नकोच. खोटं असतं तर चाललं असतं. खोट्याने कुणी भडकत नाही, लोकांना सवय असते." आणि त्यांनी त्या वाक्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लाल रेघ ओढली.

ती रेघ मी अजून विसरलेलो नाही. किती ठाम होती. माझ्या सगळ्या आयुष्याच्या लिखाणावर अशी एक रेघ नव्हती, आणि ती बाईच्या पहिल्याच वाक्याला मिळाली. हर्बर्टलासुद्धा मिळाली. बाहेर आल्यावर तो बिचारा मलाच धीर देऊ लागला, "काका, टेन्शन नको घ्या. तुमचा पास झाला ना सगळा."

घरी जाऊन मी भाषण पुन्हा लिहिलं. भोक पडलेला हंडा काढला, म्हैस घातली. एक उतारा तर असा जहाल झाला, की लिहिताना मी उठून खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी चौकीवर साळव्यांनी तो चवीने वाचला आणि म्हणाले, "म्हशीचं वर्णन एकदम बरोबर. आमच्या गावाकडे आहेत." शिक्का.

मी परत आलो तेव्हा सुंदराबाई आमच्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. बोलणाऱ्या बाईच्या तोंडचं वाक्य काढून घेतलं, की ती कशी दिसते ते मी त्या दिवशी पाहिलं.

"माझा एकच वाक्य होता, भावजी," त्या म्हणाल्या. "तां पण खोडल्यान मेल्यान. आता मी थंय जावन काय करू? हंडो घेवन नुसती उभी रवू? रांगेत रवतंय तशीच?"

नलिनीला सुचलं.

"ते वाक्य तुम्ही लिहा ना," ती मला म्हणाली. "तुमचं कोण खोडतंय."

हे तिने अगदी सहज म्हटलं. एवढ्या वर्षांत माझ्या साहित्यावर झालेली ही एकमेव समीक्षा, आणि ती तंतोतंत होती. मी आत जाऊन बसलो, राग गिळला आणि लिहिलं: 'एकीकडे जलविहीन नलिका आणि दुसरीकडे मान्यवरांच्या उद्यानात जलतुषारांचे नर्तन, हा दैवदुर्विलास नव्हे काय?'

साळव्यांनी ते वाचून मान डोलावली. "वा," म्हणाले. "नर्तन."

"फौजदारसाहेब, हे तेच वाक्य आहे. काल तुम्ही खोडलेलं." मला राहवलं नाही.

"असेल. पण तुम्ही लिहिलंय ना? मग चालेल. बाई बोलणार आहेत? बोलू देत. फक्त यातला शब्द बदलायचा नाही."

ही बातमी मी कुणाला सांगितली नव्हती. नलिनीने सांगितली. संध्याकाळी दार उघडलं तर बाहेर जिन्यापर्यंत माणसं. जो तो आपलं खोडलेलं, किंवा खोडलं जाईल अशी भीती असलेलं, वाक्य घेऊन आला होता. कुणाचं कचऱ्याच्या गाडीबद्दल, कुणाचं रस्त्यावरच्या खड्ड्याबद्दल. सामंतांच्या ठरावातला 'अति' साळव्यांनी उडवला होता, तो मी 'ज्याची तीव्रता शब्दांच्या पलीकडे आहे असा' म्हणून आत घेतला. दोन दिवस मी तेच केलं. आत जाताना वाक्य लाल असायचं, माझ्या हातून बाहेर पडलं की पांढरं. धोब्यालाही इतकं जमत नाही. लोक कृतज्ञतेने माझ्या पाया पडत होते आणि दर नमस्काराला माझा मान थोडा थोडा कमी होत होता. एका गृहस्थांनी तर विचारलं, "तुम्हाला हे आपोआप येतं, की शिकलात?"

रविवारी मैदान भरलं. इतक्या बायका मी एका जागी कधी पाहिल्या नव्हत्या. दहिसरकडून आल्या होत्या, कांदिवलीहून आल्या होत्या, हर्बर्टची बायको क्लॅरिस गावठाणातल्या दहा-बारा जणींना घेऊन आली होती. आणि प्रत्येकीच्या कडेवर रिकामा हंडा. तांब्याचे, पितळेचे, स्टीलचे. उन्हात ते असे चमकत होते, की बघवत नव्हतं. मंत्र्याच्या त्या एका ढिल्या, पडेल वाक्याने हे सगळं उभं केलं होतं. मला मनातल्या मनात त्याला नमस्कार करावासा वाटला.

साळवे पहिल्या ओळीत खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर शिक्का मारलेली पानं, बोट पहिल्या शब्दावर. हर्बर्ट म्हणाला, "हॅलो, माइक टेस्टिंग." त्याचं भाषण संपलं.

मग मी बोललो. पानं माझी, अक्षर माझं, सभा माझी. पहिल्या पानाला टाळ्या आल्या. दुसऱ्या पानावर लोक शांतपणे ऐकत होते. म्हशीपाशी पोचलो तेव्हा समोरच्या एका आजी हंड्याला टेकून झोपल्या होत्या, आणि साळव्यांचं बोट त्यांच्या मांडीवर माझ्या दोन ओळी पुढे निघून गेलं होतं. मी खाली बसलो. टाळ्या झाल्या. शाळेत बक्षीस समारंभाला होतात तशा.

सुंदराबाई उठल्या. हंडा डोक्यावर घेऊनच माइकपाशी आल्या. कागद हातात धरला, पण तो त्यांनी आधीच पाठ केला होता. रोज जिन्यावर पाणी चढवताना म्हणत असणार.

"एकीकडे," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. मैदान गप्प झालं. "जलविहीन नलिका."

एवढं म्हणून त्यांनी डोक्यावरचा हंडा दोन्ही हातांनी उतरवला आणि हळूहळू उपडा केला. त्यातून काहीच पडलं नाही. काहीच न पडणं एवढं मोठं दिसू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. हंड्याच्या तोंडाखाली त्यांनी ओंजळ धरली, वाट पाहिली, आणि रिकामी ओंजळ लोकांना दाखवली.

"आणि दुसरीकडे मान्यवरांच्या उद्यानात," त्या म्हणाल्या, "जलतुषारांचे," आणि उजव्या हाताची पाची बोटं वर उडवली, अशी नाजूक, लाडिक, की कारंजं डोळ्यांसमोर उभं राहिलं. "नर्तन."

मैदानात एक हसू फुटलं. पण ते हसू वर जाता जाता मध्येच बदललं आणि खाली आलं ते वेगळंच होऊन. साळव्यांचं बोट झरझर कागदावर फिरत होतं. शब्द न शब्द बरोबर होता. हंडा उपडा करू नये असं कुठल्याच हुकुमात नव्हतं.

आणि मग सुंदराबाईंनी कागद खाली घेतला, समोर पाहिलं आणि विचारलं, "हा दैवदुर्विलास नव्हे काय?"

मी आयुष्यात 'नव्हे काय' शेकडो वेळा लिहिलं असेल. ते लिहायचं असतं म्हणून मी लिहीत आलो. त्याला कुणी उत्तर द्यावं अशी माझी कधी अपेक्षा नव्हती. सुंदराबाईंनी ते खरंच विचारलं होतं. विचारून त्या उत्तरासाठी थांबल्या होत्या. आणि उत्तर आलं. आधी कुठूनतरी कोपऱ्यातून, एका हंड्यावर एका बांगडीचा ठोका. मग दुसरा. मग सबंध मैदानातले सगळे रिकामे हंडे एकदम बोलू लागले. तो आवाज छातीत शिरत होता. माझ्या पायांखालची जमीन, ती दोनदा नारळ फुटलेली जमीन, हलत होती. मी उठून कधी उभा राहिलो ते मला कळलं नाही. वाक्य माझं होतं. त्यातलं नर्तन माझं होतं, दैवदुर्विलास माझा होता. आणि मी ते ओळखत नव्हतो. आपल्या घरातलं साधं, गप्प मूल एकाएकी चौकात उभं राहून गर्जताना दिसावं, तसा मी बघत राहिलो.

साळवे उठले. त्यांनी पानांची घडी केली. ते सुंदराबाईंकडे गेले नाहीत. माझ्याकडे आले.

"हे वाक्य तुमचं?"

"माझं."

"चला माझ्याबरोबर. चौकीवर."

तर आलं होतं शेवटी. मी सदऱ्याची वरची गुंडी लावली. हंडे थांबले. लोक बाजूला होऊन वाट देऊ लागले आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागले, की ती नजर कशी असते ते मी फक्त इतरांच्या चरित्रांतून वाचलं होतं. "भावजी," सुंदराबाई मागून म्हणाल्या. सामंतांनी घाईघाईने जाहीर केलं, की आजचा निषेध आपोआप अतितीव्र झालेला आहे. हर्बर्टला माझ्यासाठी काहीतरी बोलायचं होतं. पण त्याच्याकडे पास झालेले शब्द तेवढेच. त्याने माइक हातात घेतला आणि म्हणाला, "हॅलो." थोडं थांबून पुन्हा, "हॅलो." क्लॅरिसने डोळे पुसले.

नलिनी गर्दीतून वाट काढत आली. तिने माझ्या खिशात रक्तदाबाची गोळी ठेवली. "जेवणाआधी घ्या," म्हणाली. तिच्या डोळ्यांत पहिल्यांदाच थोडा आदर दिसला. किंवा ऊन असेल.

जीपमध्ये मी ताठ बसलो. रस्ताभर मी निवेदनाची जुळवाजुळव करत होतो. लेखणी, सत्ता, अंतिम न्याय, असे शब्द आपोआप येऊन रांगेत उभे राहत होते. वकील करायचा नाही, माफी मागायची नाही. पहिल्या रात्री जेवायचं नाही, मात्र गोळी घ्यायची.

चौकीत साळव्यांनी मला आतल्या खोलीत नेलं, खुर्ची दिली आणि दार लावून घेतलं. हवालदाराला चहा सांगितला. मी चहाला नकार देणार होतो, पण तो तोवर निघून गेला होता.

"फौजदारसाहेब," मी म्हणालो, "माझ्यावर कुठलं कलम लावणार आहात ते मला आधी सांगा. मी शब्द मागे घेणार नाही."

"कलम कसलं? शब्दांत आक्षेपार्ह काही नाही, शिक्का माझाच आहे." त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. टोपीशिवाय ते दमलेल्या शेजाऱ्यासारखे दिसत होते. "मगाशी इथे चौकीवर मंत्र्यांच्या कचेरीतून फोन आला होता, आत येताना हवालदाराने सांगितलं. उद्या, सोमवारी, इंजिनिअर येतोय जागा बघायला. हंड्यांचा आवाज फोनवर ऐकू गेला म्हणे."

कुणीतरी आपल्याला शिखरापर्यंत खांद्यावर घेऊन जावं आणि तिथे ठेवून बसस्टॉप विचारावा, तसं मला वाटत होतं.

"मग मला इथे का आणलंत?"

साळव्यांनी दाराकडे एकदा पाहिलं. खुर्ची जवळ ओढली.

"इंजिनिअर आला नाही तर पुढच्या रविवारी पुन्हा बसणार ना तुम्ही लोक? तर एक काम होतं. आमची पोलीस लाइन इथे मागेच आहे. चौथा मजला. आमच्याकडेही पाणी चढत नाही हो. मिसेस रोज बोलते, तुम्ही एवढे फौजदार, तुम्ही बोला. आता मी कुठे बोलणार? मी सरकारी माणूस. तेव्हा भाषणात आमच्यासाठी एक ओळ घालाल का? नाव नको. तुमच्याच अक्षरात द्या, मी पास करतो."

"घालतो," मी म्हणालो.

"आणि राग मानू नका," ते आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "पण ती ओळ बाईंना बोलू दे. तुम्ही नका वाचू."